झोत, थंड वायू आणि आयसी ५०६३: वायू बाहेर जातो की नुसता ढवळला जातो?

उत्तररात्र

परवा तिकडे दुसऱ्या धाग्यावर कोणीतरी ठोकून दिलं की कृष्णविवराचा झोत सुटला की दीर्घिकेतला सगळा वायू बाहेर फेकला जातो, मग नवे तारे जन्मत नाहीत आणि दीर्घिका म्हातारी होते. वाचायला छान आहे. पण जवळच्या दीर्घिकांची अलीकडची निरीक्षणं पाहिली तर प्रकरण इतकं सरळ राहत नाही. तिकडे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी पात्रपरिचय. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात लाखो ते अब्जावधी सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं. त्याच्याभोवती वायू जमून फिरायला लागला की काही वेळा दोन विरुद्ध दिशांना विद्युतभारित कणांचे अरुंद झोत सुटतात, उगमापाशी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. त्यातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि रेडिओलहरी सोडतात, म्हणून झोत रेडिओ दुर्बिणीत झळकतात. एम ८७ या दीर्घिकेचा झोत मात्र हेबर कर्टिसला १९१८ मध्ये साध्या प्रकाशातल्या फोटोवरच दिसला होता.

दुसरं पात्र म्हणजे थंड वायू. सुट्ट्या हायड्रोजन अणूंचा वायू साधारण शंभर केल्विनला, म्हणजे उणे १७० सेल्सिअसच्या आसपास. त्याहून थंड आणि दाट ढगांत हायड्रोजनचे रेणू, दहा-वीस केल्विनला. तारे या रेणूंच्या ढगांतूनच जन्मतात, म्हणून सगळी मारामारी या वायूवरून.

आता आयसी ५०६३. दक्षिण आकाशातली, सुमारे १५-१६ कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका. दिसायला लंबवर्तुळाकार जातीची, पण धुळीचे पट्टे आहेत आणि भरपूर वायूची फिरती तबकडीही आहे. तिच्या केंद्रातून निघालेले झोत तसे किरकोळ. दोन टोकांमधलं अंतर तीन-चार हजार प्रकाशवर्षं, म्हणजे दीर्घिकेच्या पोटातच संपणारे. पण ते नेमके वायूच्या तबकडीतच घुसलेत. बहुतेक ठिकाणी झोत तबकडीला तिरका किंवा काटकोनात असतो आणि मोकळ्यावर निसटतो. इथे त्याला मोकळी वाटच नाही.

१९९८ मध्ये राफाएला मोर्गांती, टॉम ओस्टरलू आणि झ्लाटन त्सवेतानोव्ह यांनी ऑस्ट्रेलियातल्या नॅराब्रायच्या रेडिओ दुर्बिणींनी या दीर्घिकेत हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा पाहिली, म्हणजे थंड हायड्रोजन अणूंची रेडिओतली खूण. तबकडी फिरते त्या वेगाचा वायू सापडला, त्यात नवल नाही. पण त्याच्या पलीकडे, निळ्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या वायूच्या बाजूला, सेकंदाला ७०० किलोमीटरपर्यंत सरकलेलं पसरट शोषण दिसलं. ताशी पंचवीस लाख किलोमीटर. एवढ्या वेगाने पळणारा हायड्रोजन, आणि तो अजून अणूंच्या स्वरूपात, थंड! त्या काळात मत असं होतं की झोताच्या तडाख्यात सापडलेला वायू तापून आयनीभूत होणार, अणू-रेणू उरणारच नाहीत.

चिलीच्या आल्मा दुर्बिणींनी २०१५ मध्ये तिथेच रेणवीय वायू शोधला. ६६ डिश, पाच हजार मीटर उंचीवर. तर तोही तसाच पळताना सापडला, आणि झोताच्या लांबीभर. झोताच्या दोन्ही बाजूंना वायूची चाल विसकटलेली, झोतापासून लांब गेलं की तबकडी आपली शिस्तीत फिरतेय.

हे सगळं वायू बाहेर फेकल्याचं लक्षण आहे की आतल्या आत ढवळल्याचं, यावर बोलू. मी हौशी वाचक आहे, या क्षेत्रातला नाही. तज्ज्ञ फिरकले तर उत्तमच.

तेरावा गडी

वाचतोय. एक बाळबोध शंका. शोषण निळीकडे सरकलं म्हणजे वायू आपल्याकडे येतोय हे समजलं. पण तो कृष्णविवरापासून लांब जातोय हे कशावरून? तिकडून पलीकडचा वायू आत पडत असेल तर तोही आपल्याकडेच येताना दिसेल की.

माधवी_ग

शंका बाळबोध नाही, हीच कळीची जागा आहे. उत्तररात्र यांच्या आधी मीच लिहिते, अकरावीला वर्णपट शिकवते त्यामुळे हात शिवशिवतोय.

रेषा दोन तऱ्हांनी दिसते. वायू स्वतः लहरी सोडतो तेव्हा रेषा उजळ दिसते, त्याला उत्सर्जन म्हणायचं. त्यात वायू पुढे आहे की मागे, कळायला मार्ग नाही, तुमची शंका तिथे शंभर टक्के लागू. पण मागे काहीतरी झगझगीत असेल आणि पुढचा वायू त्यातला एक तुकडा खात असेल तर रेषा काळी दिसते, ते शोषण. आयसी ५०६३ मध्ये मागचं झगझगीत म्हणजे खुद्द झोताचा रेडिओ प्रकाश. शोषण दिसलं याचा अर्थ वायू त्या झोताच्या आणि आपल्या मध्ये आहे. पलीकडचा वायू शोषण करूच शकत नाही, त्याच्या मागे दिवाच नाही. मध्ये आहे आणि आपल्याकडे येतोय, म्हणजे झोतापासून दूर चाललाय. दुसरा अर्थ निघत नाही.

आणि निळीकडे म्हणजे तो वायू निळा दिसतो असं नव्हे. त्याची २१ सेंटिमीटरची लहर त्या दीर्घिकेतल्या बाकीच्या वायूच्या लहरीपेक्षा किंचित आखूड होऊन पोचते, एवढंच. मुलं दरवर्षी हे विचारतात.

तेरावा गडी

ओके ताई, डोक्यात शिरलं. मग दुसरी. झोताने झोडपलेला वायू थंड कसा राहतो? ७०० किमी/सेकंद वेगाने काही आदळलं तर राख व्हायला पाहिजे.

उत्तररात्र

राखच होते, निदान आधी.

सेकंदाला कित्येकशे किलोमीटरच्या आघातलहरीतून वायू गेला तर तो काही दशलक्ष अंशांपर्यंत तापतो. हायड्रोजनचा रेणू त्याच्या हजारपट कमी तापमानालाच तुटतो. तेव्हा या पळत्या वायूतले रेणू जन्मापासून तसेच राहिलेत हे पटणं अवघड आहे. सध्या मान्य असलेलं उत्तर असं: वायू तापतो, फुटतो, आणि मग पळता पळता पुन्हा गार होतो. वायू जितका दाट तितका तो भराभर उष्णता किरणांवाटे टाकतो. दाटपणा दुप्पट झाला तर उष्णता टाकण्याचा दर चौपट. आघाताने वायू आधीच दाबला गेलेला असतो, त्यामुळे त्यातले दाट पुंजके वेग कायम ठेवून थंडावतात, आधी अणू जुळतात, मग धुळीच्या कणांवर रेणू बनतात.

याला मधला पुरावाही आहे. क्लाइव्ह टॅडहंटर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चिलीतल्याच व्हीएलटी दुर्बिणीने आयसी ५०६३ मधला कोमट रेणवीय हायड्रोजन अवरक्त प्रकाशात पाहिला. हजार-दोन हजार केल्विनचा. झोताच्या पश्चिमेकडच्या टोकापाशी तो नेमका त्याच सैरभैर वेगाने पळत होता. तापलेला आयनीभूत वायू, हा कोमट रेणवीय, आणि आल्माने पाहिलेला थंड, तिन्ही एकाच जागी, एकाच वेगात. थंडावण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरचा एकच वायू आहे असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो.

शून्यशेष

सरळ अर्थ लावला जातो, हे वाक्य मला नेहमी खटकतं. असो.

माझा आक्षेप वेगळा आहे. या दीर्घिकेचं केंद्र नुसतं रेडिओत नाही, क्ष-किरणांतही झगमगतं. ती सेफर्ट जातीची आहे. म्हणजे कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतून प्रचंड प्रारण बाहेर पडतंय. प्रारणाच्या दाबानेही वायू उडतो. मग सगळं श्रेय, किंवा खापर म्हणा, झोतावर का? एनजीसी १०६८ घ्या, म्हणजे एम ७७, आपल्यापासून साडेचार-पाच कोटी प्रकाशवर्षांवर. तिथेही झोत आहे, तिथेही आल्माने रेणवीय वायू बाहेर पळताना पाहिलाय, आणि तिथे केंद्रातलं प्रारण इतकं जबर आहे की झोत किती आणि प्रारण किती याचा हिशेब अजून लागत नाही.

उत्तररात्र

एम ७७ बाबत शंभर टक्के मान्य. म्हणूनच आयसी ५०६३ ला एवढा भाव.

तिथे जागेचा पुरावा आहे. प्रारणाने वायू उडत असता तर सर्वांत वेगवान वायू केंद्रापाशी असायला हवा, कारण प्रारण तिथे सर्वांत तीव्र. पण ते पसरट शोषण सापडतं केंद्रापासून दीड-दोन हजार प्रकाशवर्षं दूर, पश्चिमेच्या रेडिओ ठिपक्यासमोर. रेडिओत सर्वांत तेजस्वी असलेली जागा तीच, झोत दाट ढगावर आदळतोय तिथली. कार्बन मोनॉक्साइडचे सर्वांत विसकटलेले वेगही तिथेच. प्रारणाला त्या एका ठिपक्यावर एवढा राग असायचं कारण नाही.

झेलम

कार्बन मोनॉक्साइड कुठून आलं मध्येच? हायड्रोजनबद्दल चाललं होतं ना.

माधवी_ग

मी सांगते. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोन सारखे अणू, अगदी सममित. थंडीत तो जवळपास काहीच किरण सोडत नाही, समोर असून दिसत नाही. त्याच ढगात थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि तो सममित नसल्यामुळे थंडीतही २.६ आणि १.३ मिलिमीटरच्या लहरी सोडतो. म्हणून तो मोजायचा आणि त्यावरून हायड्रोजन किती असेल याचा अंदाज बांधायचा.

शून्यशेष

आणि या अंदाजातच सगळी गोम आहे! आपल्या आकाशगंगेतल्या शांत ढगांसाठी ठरलेलं गुणोत्तर झोताने कुटलेल्या ढगांना जसंच्या तसं लावायचं? शांत ढगात कार्बन मोनॉक्साइड स्वतःचाच प्रकाश अडवतो, आतला भाग लपलेला राहतो, त्यामुळे दिसतं त्याच्या कितीतरी पट वायू धरावा लागतो. कुटलेल्या ढगात वेग इतके विस्कटलेले असतात की एका थराचा प्रकाश दुसरा थर अडवत नाही, जवळजवळ सगळं दिसतं. तिथे शांत ढगाचं गुणोत्तर वापरलं तर वायू फुगवून सांगितला जातो. २०१७ मध्ये ओस्टरलू आणि मंडळींनीच वेगवेगळ्या लहरींची गुणोत्तरं तपासली आणि पळत्या वायूचं वस्तुमान आधीच्यापेक्षा बरंच कमी धरलं. शिवाय त्यातला बहुतेक दीर्घिका सोडून जाण्याइतका वेगवान नाही. म्हणजे ‘दीर्घिका रिकामी झाली’ हे कुठे राहिलं?

उत्तररात्र

कुठेच नाही राहिलं, धागा त्यासाठीच काढलाय. 🙂

बापू मांद्रेकर

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. आमच्या मांद्र्याला अमावास्येला आकाशगंगा अजून दिसते, तेवढंच आमचं खगोलशास्त्र. मला एकच सांगा. झोत म्हणजे नुसते कण, तेही विरळ. वजन नाही. मग लाखो सूर्यांचा वायू ढकलतो कसा? वाऱ्याने दगड हलत नाही.

उत्तररात्र

बापू, ओ की ठो कळत नाही म्हणता आणि बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवता.

झोत समोरच्या ढगाला धक्का मारून नेतो असं डोळ्यांपुढे आणलं तर ते जमत नाही. खडीच्या ढिगात पाण्याचा पाइप खुपसून बघा. पाणी समोरच्या एका खड्याला ढकलत बसत नाही, फटींतून वाट काढतं, ढिगाच्या आत चहूकडे शिरतं, आणि थोड्या वेळाने पाइपपासून लांबचे खडेही सरकायला लागतात. झोताचं तसंच. तबकडीतला वायू एकसंध नसतो, दाट ढग आणि मध्ये विरळ जागा. झोत दाट ढगाला अडखळतो, त्याची ऊर्जा विरळ जागांत पसरते आणि भोवती प्रचंड दाबाचा तापलेला बुडबुडा फुगतो. ढग त्या दाबाने सगळ्या बाजूंनी दाबले जातात, त्यांच्या कडा खरवडल्या जातात, तो खरवडलेला वायू वाऱ्यात ओढला जातो. वजन नसलं तरी ऊर्जा अफाट आहे, आणि ती दाबाच्या रूपाने कामाला येते.

हे नुसतं चित्र नाही, सिम्युलेशन आहे. पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत असलेले दीपांजन मुखर्जी, कॅनबेराचे जेफ्री बिकनेल आणि इतरांनी २०१८ मध्ये खास आयसी ५०६३ साठी ते केलं. ढेकळं-ढेकळं असलेली तबकडी, तिच्यात सोडलेला झोत, आणि मग त्यातून आल्माला जे दिसलं असतं ते काढून खऱ्या निरीक्षणाशी ताडून पाहिलं. वेगांचा आराखडा बराचसा जुळला.

त्याच गटाच्या कामातला मला आवडलेला निष्कर्ष म्हणजे दुबळा झोत जास्त त्रास देतो. जबरदस्त झोत ढगांमधून भोक पाडून पटकन बाहेर पडतो, पुढची ऊर्जा दीर्घिकेच्या बाहेर खर्च होते. दुबळा झोत आत अडकून पडतो, जास्त काळ, जास्त मोठ्या भागात ढवळाढवळ करत राहतो. आणि झोत तबकडीत झुकलेला असेल तर अजूनच. पूर्वी संशोधकांचं लक्ष असायचं ते लाखो प्रकाशवर्षं लांबीच्या राक्षसी झोतांकडे. थंड वायूच्या दृष्टीने हे बारके, घरातल्या घरात भांडणारे झोत जास्त महत्त्वाचे निघाले.

झेलम

आता कळलं मला एम १०६ चं. त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते.

एम १०६ म्हणजे एनजीसी ४२५८, आपल्यापासून साधारण अडीच कोटी प्रकाशवर्षं. अगदी शेजारीच. सप्तर्षींच्या जवळ, श्यामशबल तारकासमूहात. मार्च-एप्रिलच्या रात्री महाराष्ट्रातून डोक्याच्या उत्तरेला भरपूर उंचीवर येते. सहा इंची दुर्बिणीत लांबट धूसर डाग दिसतो, मधला भाग ठळक. बस. फोटोत मात्र या सर्पिलाकार दीर्घिकेला नेहमीच्या दोन भुजांखेरीज आणखी दोन भुजा दिसतात, आणि त्या ताऱ्यांच्या नाहीतच! आघाताने तापलेल्या वायूच्या आहेत. तिथलाही झोत तबकडीला बराच झुकलेला आहे आणि तबकडीतला वायू तापवत सुटलाय. स्पिट्झर दुर्बिणीला तिथे आघाताने तापलेले हायड्रोजनचे रेणू सापडले, २०१४ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. त्यांच्या हिशेबाने मधल्या भागातला सुमारे दोनतृतीयांश वायू तिथून उडालाय, आणि मध्यभागी तारे जन्मण्याचा वेग आपल्या आकाशगंगेच्या साधारण दहाव्या हिश्शावर आलाय.

तिचं कृष्णविवर चार कोटी सूर्यांच्या आसपासचं. हे वस्तुमान फार नेमकं माहीत आहे, कारण भोवती फिरणाऱ्या पाण्याच्या वाफेच्या मेसरचे (लेसरसारख्या तीव्र रेडिओलहरी सोडणाऱ्या ढगांचे) वेग १९९५ मध्येच मोजले गेले.

शून्यशेष

एम १०६ चं उदाहरण चांगलं आहे. दोनतृतीयांश हा आकडा मात्र हिशेबातून आलाय, वजनकाट्यावर नाही, एवढं लक्षात असू द्या.

झेलम

हो हो, तुमचं वजनकाट्याचं कळलं. :-)

माझं खरं प्रेम सेंटॉरस ए. आपल्याला सर्वांत जवळची रेडिओ दीर्घिका, सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमाराला पुण्याहून दक्षिण क्षितिजापासून २८ अंशांवर येते. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सापडला की तिथून उत्तरेला साडेचार अंश वर जायचं. दक्षिणेला गाव नसलेली टेकडी हवी. काळोखात ७ बाय ५० च्या द्विनेत्रीतही गोल पुंजका दिसतो, मधून गेलेल्या काळ्या पट्ट्यासाठी मात्र मोठी दुर्बीण लागते. तो पट्टा म्हणजे तिने गिळलेल्या दुसऱ्या दीर्घिकेचा वायू आणि धूळ. रेडिओत पाहिली तर तिचे फुगे आकाशात आठ अंशांहून जास्त पसरलेत, ओळीने सोळा पौर्णिमेचे चंद्र मांडा.

पण मुद्दा वायूचा. तिच्या ईशान्येला, केंद्रापासून पन्नासेक हजार प्रकाशवर्षांवर, हायड्रोजनचा एक ढग झोताच्या वाटेवर आहे. आणि तिथे तरुण निळे तारे सापडलेत, झोताच्या रेषेतच! म्हणजे इथे झोताने तारे बंद पाडले नाहीत, उलट ढग दाबून जन्माला घातले. एनजीसी ५४१ च्या झोतापुढेही असाच ताऱ्यांचा पुंजका आहे, त्याला मिंकोव्स्कीचा पिंड म्हणतात.

तेरावा गडी

आता मात्र गोंधळ. मारतो पण तोच, जन्म देतो पण तोच?

उत्तररात्र

जागेवर अवलंबून आहे असं दिसतं. दूरवर, विरळ वातावरणात एकटा ढग असेल आणि झोताचा जोर तिथपर्यंत ओसरला असेल तर तो ढग दाबला जातो, आघात हळू असतो, वायूला गार व्हायला वेळ मिळतो, तारे बनू शकतात. केंद्रापाशी झोत ताजा, दाब प्रचंड, ढग फाटतात.

पण सेंटॉरस ए च्या त्या ढगाबद्दल फार गोड चित्र रंगवू नये. २०१६ च्या आसपास फ्रेंच गटाने तिथला कार्बन मोनॉक्साइड मोजला. रेणवीय वायू अपेक्षेपेक्षा बराच निघाला, आणि तेवढ्या वायूच्या मानाने तारे अगदी थोडे. म्हणजे झोताने वायूचे रेणू व्हायला मदत केली असेल, पण तेवढ्याने तारे होत नाहीत. ढगात खळबळ शिल्लक असेल तर गुरुत्वाकर्षणाला तो गोळा करता येत नाही.

आणि हीच खळबळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ३सी ३२६ नावाची एक रेडिओ दीर्घिका आहे, ती जवळची नाही, शंभर कोटी प्रकाशवर्षांपलीकडची. तिथे सुमारे शंभर कोटी सूर्यांइतका कोमट रेणवीय हायड्रोजन आहे. एवढ्या भांडवलावर ताऱ्यांचा कारखाना धडाक्यात चालायला हवा. चालत नाही. वायू कुठे गेलेला नाही, जागेवर आहे, पण झोताच्या ऊर्जेने सतत घुसळला जातोय. बाहेर फेकणं हा एक मार्ग झाला. न फेकता, बसू न देणं हा दुसरा, आणि तो बहुधा जास्त ठिकाणी चालतो. जवळच्या चार दीर्घिकांत, त्यांत आयसी ५०६३ आणि एम ७७ दोन्ही आल्या, झोताच्या काटकोनातही वायूची खळबळ वाढलेली सापडलीय. झोत जिकडे जातच नाही तिकडे! तापलेला बुडबुडा आडवा फुगतो, हे त्याचं कारण दिसतं.

कोरडवाहू

मी जुन्नर तालुक्यातला. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश शेताच्या बांधावरून दिसतात, आणि रब्बीत कांदा काढताना नेहमी वाटतं, हे आत काय बघत असतील. तर या सगळ्यात आपल्या दुर्बिणीचा काही हात आहे का, की सगळं चिली आणि ऑस्ट्रेलियाचंच?

माधवी_ग

वा, असे प्रतिसाद हवेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाला तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरतं, आमच्या शाळेची मुलं येऊन गेलीत. तुम्ही तर चालत जाल.

उत्तररात्र

कोरडवाहू, हात आहे. खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन फाट्यांवर, एकूण पसारा २५ किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी तारांच्या जाळीची डिश केली, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात आले. जीएमआरटी साधारण १२५ ते १४५० मेगाहर्ट्झ ऐकते. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा १४२० वर येते, म्हणजे जवळच्या दीर्घिकांचा थंड हायड्रोजन अगदी तिच्या टप्प्याच्या टोकाला. तिची खरी करामत खालच्या वारंवारतांवर. जुने, थकलेले झोत वरच्या वारंवारतांना मावळतात पण खालच्यांना दिसत राहतात. २०२० मध्ये ऑफियुकस दीर्घिकासमूहातल्या गरम वायूत एका जुन्या उद्रेकाने पाडलेलं अवाढव्य भगदाड जाहीर झालं, त्यात क्ष-किरण दुर्बिणींबरोबर ऑस्ट्रेलियाची एमडब्ल्यूए ही रेडिओ दुर्बीण आणि आपली जीएमआरटी होती. क्ष-किरणांत भगदाड, आणि रेडिओत नेमकी तीच जागा भरलेली.

तो गरम वायू आहे, आपला विषय थंडाचा. पण दूरच्या दीर्घिकांत २१ सेंटिमीटरची रेषा विश्वप्रसरणाने ताणली जाऊन १०००, ७००, ६०० मेगाहर्ट्झला येते, आणि तिथे खोडदचा हात धरणारे फार थोडे. दूरच्या रेडिओ दीर्घिकांतल्या थंड हायड्रोजनचं शोषण शोधायचं काम तिथे वर्षानुवर्षं चाललंय.

कोरडवाहू

बरं झालं विचारलं. गावात आम्हाला एवढंच सांगतात की मोबाइल टॉवर आणि कारखाने जवळ नकोत.

बापू मांद्रेकर

आणि आपल्या आकाशगंगेत? आपल्या कृष्णविवराने असला काही उपद्व्याप केला तर?

झेलम

आपलं धनू ए* चाळीस-त्रेचाळीस लाख सूर्यांचं, आणि सध्या उपाशी. पण कधीकाळी काहीतरी झालंय. २०१० मध्ये फर्मी दुर्बिणीच्या गॅमा किरणांत आकाशगंगेच्या केंद्राच्या वर आणि खाली प्रत्येकी पंचवीस हजार प्रकाशवर्षांचे दोन फुगे सापडले. झोताने फुगवले की केंद्राजवळ एका दमात जन्मलेल्या आणि स्फोट पावलेल्या ताऱ्यांनी, हा वाद चालू आहे. मात्र त्या फुग्यांच्या मुळाशी, बाहेर पळणाऱ्या वाऱ्यात, २०२० मध्ये थंड रेणवीय वायूचे ढगही सापडले. तेव्हा तेरावा गडी यांची ‘थंड कसा राहतो’ ही शंका आपल्या अंगणातही लागू. आपण केंद्रापासून सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर, तबकडीत. बापू, मांद्र्याला धोका नाही.

बापू मांद्रेकर

देव बरें करूं.

शून्यशेष

एक प्रश्न राहिला, आणि तो मी खोडसाळपणे नाही विचारत. आयसी ५०६३ चा झोत आत अडकलाय हे मान्य. पण कायम अडकून राहणार नाही, कधीतरी तबकडी फोडून बाहेर पडेल. त्यानंतर वायूचं काय? हा गोंधळ दीर्घिकेच्या आयुष्यात किती थोडा काळ चालतो यावर त्याचं महत्त्व ठरतं.

उत्तररात्र

याच प्रश्नासाठी एकेका दीर्घिकेचं कौतुक सोडून गणती करावी लागते. नेदरलँड्सच्या वेस्टरबोर्क दुर्बिणींनी २४८ रेडिओ दीर्घिकांत हायड्रोजनचं शोषण शोधलं, २०१७ मध्ये पूर्ण निकाल आला. साधारण पाव हिश्शात ते सापडलं. ज्यांचा रेडिओ भाग आटोपशीर आहे, म्हणजे झोत अजून दीर्घिकेच्या आतच आहे, त्यांच्यात शोषणाच्या रेषा पसरट, वेडावाकड्या, निळीकडे शेपटी असलेल्या. ज्यांचे झोत बाहेर पसरलेत त्यांच्यात रेषा बहुतेक अरुंद आणि शिस्तीत, नुसती फिरती तबकडी असावी तशा. आटोपशीर म्हणजे बहुतेक वेळा तरुण, दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर.

त्यावरून दिसतं असं की झोत फुटून बाहेर गेला की दाब उतरतो आणि उरलेला थंड वायू पुन्हा बसायला लागतो. पण झोत एकदाच सुटतो असंही नाही. सेंटॉरस ए च्या बाहेरच्या फुग्यांच्या आत आणखी लहान, नवे फुगे आहेत, म्हणजे ते केंद्र अनेकदा पेटलं-विझलंय. दर खेपेला केंद्राजवळचा थंड वायू पुन्हा घुसळला जाणार. दोन खेपांमधलं अंतर आणि वायू बसायला लागणारा वेळ यातलं मोठं कोण, त्यावर त्या दीर्घिकेत तारे किती बनणार ते ठरेल. हे अंतर मोजायला जुने विझलेले फुगे शोधावे लागतात, आणि ते दिसतात खालच्या वारंवारतांवर. कोरडवाहूंच्या बांधावरून दिसणाऱ्या डिश त्याच कामाला लागतात.